पेपर संपल्यावर उरलेल्या दोन तासांत पोरांना वर्गाबाहेर काय शिकवू? (पैसे नाहीत, ऊन आहे)

खडूफळा | १४ एप्रिल

आज जयंतीची सुट्टी म्हणून जरा निवांत लिहितेय. मी सातारा तालुक्यातल्या एका जि. प. शाळेत सहावी-सातवीला आहे, दोन्ही मिळून ३१ पोरं. संकलित दोनचे, म्हणजे वार्षिक परीक्षेचे पेपर चालू आहेत, रोज एकच, सकाळी सुरू झाला की नऊ-सव्वानऊला संपतो आणि शाळा सुटते साडेअकराला. मधल्या दोन तासांचं काय करायचं ते सांगा. पुस्तक काढा म्हटलं की "बाई, पेपर तर झाला की" आणि खरंच आहे त्यांचं, मलाही तेव्हा शिकवायचा कंटाळाच येतो. त्यात चैत्र, म्हणजे आज ह्या गावची जत्रा उद्या त्या गावची, वर्गात कधी ३१ असतात कधी १७.

गेल्या वर्षी हौसेनं सगळ्यांना ओढ्यापर्यंत नेलं होतं. निघायलाच दहा वाजले, ओढा कोरडा, परत येताना एका पोरीला चक्कर आली. सरबत वगैरे पाजून उठवली पण संध्याकाळी तिचे वडील दारात, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं, चूक माझीच. तेव्हापासून हेडसरांनी सांगितलंय की गेटबाहेर जायचं नाही, फार तर मारुतीच्या देवळापर्यंत.

तर अटी अशा की खर्च शून्य, दहा-सव्वादहाच्या आत सगळे सावलीत, आणि सहल हा शब्द काढायचा नाही. शाळेच्या सहलींना एसटीत निम्मी सवलत मिळते ते माहितीय पण सहलींचे दिवस डिसेंबर-जानेवारी, एप्रिलमध्ये परवानगी मागायला गेले तर साहेब माझ्याकडंच बघत बसतील.

आणि कृपया सीडबॉल (मातीच्या गोळ्यात बी) सुचवू नका. तीन वर्षं केले, हात चिखलानं भरले, फोटो छान आले, उगवलेलं एक रोप अजून मला दिसलेलं नाही.


रानवाटा | १४ एप्रिल

सीडबॉलबद्दल हात मिळवा मॅडम. उघड्या माळावर टाकलेलं बी मुंग्या, उंदीर, शेळ्या यांच्या तावडीतून सुटून जगणार किती? त्यापेक्षा बिया फक्त गोळा करा, सुकवा, कागदाच्या पुड्यात नाव-तारीख-जागा लिहून ठेवा आणि जूनमध्ये दुधाच्या पिशव्यांत लावा. करंज, चिंच, शिरीष, बहाव्याच्या शेंगा आत्ता झाडावर नाहीतर झाडाखालीच मिळतील. बहाव्याचं बी टणक असतं, तसंच पेरलं तर महिनोन् महिने पडून राहतं, एका बाजूला दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवायचं. कडुनिंब मात्र साठवायच्या भानगडीत पडू नका, निंबोळी पिकली की लगेच लावायची, दोन-तीन आठवड्यांत बी मरतं. काही बिया थांबतात आणि काही थांबत नाहीत, हे पोरांनी एकदा करून बघितलं की पाठ करावं लागत नाही.

कंपाऊंडच्या आतलंच पाहिजे असेल तर वावळ आहे का बघा आसपास. ह्या दिवसांत झाडाखाली पापुद्र्यासारख्या गोल चकत्यांचा सडा पडतो, मधोमध बी. एक चकती, एक शेवग्याचं पंखवालं बी, एक रुईची म्हातारी आणि एक चिंचोका. पोरांना ओट्यावर उभं करून सगळं एकाच उंचीवरून सोडायला लावा, मोबाईलवर सेकंद मोजा आणि किती पावलं लांब पडलं ते मोजा. चिंचोका धप्पकन खाली येतो, मग विचारा की हे बी लांब जातं तरी कसं. आमच्याकडं एक पोरगा म्हणाला, "माकडाच्या पोटातून". झाला धडा.

दुसरं कावळा. एप्रिल-मे-जून हे त्याचे घरटं बांधायचे दिवस. जुनी माणसं सांगतात की कावळ्यानं आंब्यावर, करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला आणि बाभळीवर, काटेरी झाडावर केलं तर दुष्काळ. खरं-खोटं मी सांगणार नाही. पोरांना गावातली सगळी घरटी मोजू दे, झाड कुठलं, अंदाजे किती उंचावर, आणि वही ठेवून द्या कपाटात. ऑक्टोबरमध्ये महसूल मंडळाचा पावसाचा आकडा आला की काढायची. शाळेला येता-जाता होणारं काम आहे, गेटचा प्रश्नच नाही. कोकिळा त्याच घरट्याभोवती घिरट्या घालताना दिसली तर पोरं तुम्हाला स्वतःच येऊन सांगतील.

झाडांचं पुढं न्यायचं असेल तर सीझनवॉच म्हणून भारतभर चालणारा उपक्रम आहे, एक झाड निवडायचं आणि पालवी-फूल-फळ कधी किती ते दर आठवड्याला नोंदवायचं. पण सुट्टीत कोण बघणार ते आधी ठरवा.


ठाणेकर_आई | १४ एप्रिल

ताई तुमचं नशीब चांगलं, निदान ओढा आहे, कोरडा का असेना. आमच्या इथं शाळेनं "नेचर इमर्शन डे" म्हणून पैसे घेतले आणि पोरांना एका रिसॉर्टवर नेऊन रेन डान्स करवला, एप्रिलमध्ये, टँकरच्या पाण्यावर. घरी येऊन मुलगा म्हणाला मम्मा आम्ही निसर्ग बघितला. 🙂

शहरातल्यांसाठी पण कोणीतरी सुचवा की. खाडीवर फ्लेमिंगो बघायला नेलंय, ते मे-जूनपर्यंत असतात, पण रोज रोज कुठं नेणार, आणि भरती-ओहोटी बघून जावं लागतं नाहीतर नुसता चिखल दिसतो.


भूगोलवाले_आजोबा | १५ एप्रिल

बाई, मी ३४ वर्षं भूगोल शिकवला, त्यातली बरीच वर्षं खडूनंच शिकवला हे आधी कबूल करतो. तुमच्या अटींत बसणारी एकच वस्तू मला माहीत आहे, सरळ काठी. बरोबर एक मीटर लांबीची घ्या, सपाट जागी रोवा, आणि ती सरळ आहे की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावा.

आता तुमच्या साताऱ्याचं गणित सांगतो. ह्या आठवड्यात, म्हणजे २० एप्रिलच्या आगेमागे, सकाळी आठला त्या काठीची सावली साधारण सव्वादोन मीटर पडेल. नऊला सव्वा मीटर. दहाला पाऊण मीटर. आणि साडेनऊला, एक-दोन मिनिटं आधीच, सावली बरोबर काठीएवढी होईल. ही वेळ सोडू नका. त्या पाच मिनिटांत मैदानावरच्या प्रत्येक उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी असते, मग झेंड्याचा खांब, नारळ, पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, जे मोजायचं ते जमिनीवर टेप टाकून मोजा. त्रिकोणमिती नको, गुणाकार पण नको. पोरं आधी एकमेकांच्या सावल्या मोजतात आणि उंचीशी जुळल्या की ओरडतात, ती ओरड ऐकण्यासारखी असते. साडेनऊ हुकलं तरी हरकत नाही, काठीची सावली आणि झाडाची सावली यांचं गुणोत्तर लावा, सातवीला ते येतं.

खरी मजा दुपारची आहे पण तुमची शाळा तोवर सुटते. सूर्य डोक्यावर बारा वाजता येतो हे आपण उगाच सांगत असतो. घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, तुम्ही चौऱ्याहत्तरवर, त्यामुळे साताऱ्याला मध्यान्ह होते साडेबाराच्या पुढं दोन-तीन मिनिटं. २० तारखेला त्या वेळी मीटरभर काठीची सावली असेल अकरा सेंटिमीटर, २४ ला साडेआठ, २८ ला सहा. अशी रोज थोडी थोडी खात जाते आणि १०-११ मेच्या सुमारास संपते. शून्य सावली. ही फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या लोकांच्या वाट्याला येते, दिल्लीवाल्यांना जन्मात बघायला मिळत नाही. त्यानंतर दुपारची सावली दक्षिणेला पडायला लागते, ती थेट ऑगस्ट उजाडेपर्यंत. ऑगस्टच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा शून्य सावली येते, पण तेव्हा साताऱ्यात ढगातून सूर्य शोधायचा म्हणजे तुमचं नशीब.

म्हणजे १० मे सुट्टीत पडतो. तेवढं एक वाईट. पण घरी करता येतं, त्याला शाळा लागत नाही. फक्त पोरांनी सूर्याकडं बघायचं नाही, बघायचं ते जमिनीकडं, हे दहा वेळा सांगा.

(विषय निघाला म्हणून. चैत्राच्या पौर्णिमेला चंद्र चित्रा ताऱ्याजवळ असतो म्हणून महिना चैत्र. हनुमान जयंतीला सगळं गाव देवळापाशी जमतं आणि एकजण वर बघत नाही. ती हुकली तुमची. वैशाखाला विशाखा, बुद्ध पौर्णिमेला दाखवा.)


चांद्याचा_माणूस | १५ एप्रिल

साताऱ्याच्या उन्हाला ऊन म्हणता राजेहो, आमच्याकडं या, ४४-४५ ला. 😄 म्हणूनच आमच्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडं उघडतात. पण मस्करी सोडा, चक्कर आली ती दहाच्या उन्हानं नाही, उपाशीपोटी आली असंल. सकाळची शाळा म्हटलं की निम्मी पोरं चहावर येतात. बाहेर न्यायच्या आधी काय खाल्लं विचारायचं, न खाल्लेल्याला बसवायचं सावलीत वही घेऊन, तो लिहिणारा. घागरभर ताक कोणाच्या ना कोणाच्या घरून येतंच.

माझा अनुभव सांगतो. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलला, माझ्या वर्गात सकाळी कोणी नसायचं. फुलं रात्री-पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, घरातली सगळी माणसं रानात. दोन वर्षं गैरहजेरी मांडली, तिसऱ्या वर्षी मीच पहाटे गेलो गावालगतच्या झाडांखाली. वजनकाटा नेला सोबत. पाच किलो ओली फुलं अंगणात पसरली, रोज वजन केलं, चौथ्या-पाचव्या दिवशी ती सव्वा किलोच्या आसपास भरली. मग व्यापारी काय भावानं घेतो, ओलं विकलं तर काय, वाळवून विकलं तर काय, हा हिशोब ज्या पोरीनं फळ्यावर मांडला ती वर्षभर गणिताच्या तासाला खिडकीतून बाहेर बघायची. आणि झाडाखाली वेचायला सोपं पडावं म्हणून लोक पाला जाळतात, तिथून जंगलाला आगी लागतात, ही गोष्ट पण पोरांनीच काढली, मी नाही. त्यावर दोन पोरांचं भांडण झालं, कारण एकाच्या घरचेच जाळायचे.

माझं म्हणणं एवढंच की आपला उपक्रम घेऊन जाण्यापेक्षा ह्या दिवसांत गावात काय चालू आहे ते बघा. तुमच्याकडं मोह नसंल, हळद काढणी असंल, शिजवणं-पॉलिश असंल, ज्वारीची मळणी असंल.


वैतागलेला_गुरुजी | १५ एप्रिल

सगळं छान आहे हो. पण ह्याच पंधरा दिवसांत पेपर तपासा, गुणपत्रक करा, प्रगतिपुस्तकं भरा, तेच मार्क परत ऑनलाइन भरा, साइट चालत नाही म्हणून रात्री अकराला उठून भरा, १ मेला निकाल द्या. दोन शिक्षकी शाळेत एक जण काठी रोवत बसला तर दुसऱ्यानं चार वर्ग सांभाळायचे का? आनंददायी शनिवार आला तेव्हा पण आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याचे फोटो अपलोड करायचं काम वाढलं तेवढं.


खडूफळा | १५ एप्रिल

गुरुजी, तुमच्याशी भांडायची ताकद नाही, मी पण रात्री अकरावालीच. पण खरं सांगते, ते दोन तास पोरांना वर्गात गप्प बसवून पेपर तपासायचा प्रयत्न केलाय मी, तासात चार पेपर होतात आणि घसा बसतो. बाहेर काहीतरी मोजायला लावलं तर कदाचित झाडाखाली बसून आठ होतील, असा स्वार्थी हिशोब आहे.

आजोबा, काठीचं उद्याच बघते. साडेनऊची गोष्ट मला माहितीच नव्हती, बीएड झालंय माझं 🙈


बालाघाटी | १६ एप्रिल

मी बीडकडचा. आमच्याकडं एप्रिल म्हणजे ऊसतोडीची पोरं परत आलेली असतात. काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण कितीही केलं तरी काही आईबापाबरोबर कारखान्याला जातातच, पाडव्याच्या आगेमागे परत येतात आणि आठ-दहा दिवसांत परीक्षा. वर्गात त्यांचं काय होणार ते सांगायला नको, मागच्या भिंतीला टेकून बसतात.

दोन वर्षांमागं अशाच उरलेल्या दिवसांत मी म्हटलं मैदानावर कोपी बांधू. कोपी म्हणजे ऊसतोड्यांच्या तळावरची राहायची झोपडी, बांबूच्या कमानी आणि वरून पाचट नाहीतर ताडपत्री. सहावीतला एक पोरगा, ऑक्टोबरला गेलेला मार्चअखेर आलेला, वाचताना अडखळतो, तो उठला आणि सगळ्यांना कामाला लावलं त्यानं. दोन बांबूंत किती अंतर, दार कुठल्या अंगाला ठेवायचं म्हणजे वारं आत येत नाही, चर कुठून काढायचा. हेडमास्तरांचा पोरगा त्याला विचारून विचारून दोऱ्या बांधत होता. मग आत किती माणसं झोपतात, लांबी-रुंदी, क्षेत्रफळ. तो म्हणाला आम्ही सहा जण झोपतो, आणि चुलीची जागा सोडून. पोरांनी मोजलं आणि जरा गप्प झाली.

मग मोळीचं वजन, बैलगाडीत किती मोळ्या, टनाला काय मिळतं, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायला किती टन तोडावं लागतं. हे त्याला तोंडपाठ. फळ्यावर मांडायला दुसऱ्यानं मदत केली.

एक सावधगिरी सांगतो. असल्या गोष्टी पोराला उघडं पाडण्यासाठी होऊ नयेत, म्हणून मी आधी त्याच्या आईला विचारलं होतं. फोटो काढले नाहीत. गुरुजी म्हणतात तसं अपलोड केलं असतं तर वाट लागली असती.


लिंबकर | १६ एप्रिल

सातारा तालुका म्हटलं म्हणून आलो. लिंबची बारामोटेची विहीर तुमच्यापासून किती लांब माहीत नाही, पण हेडसरांचं मन कधी वळलं तर तिथं टेप घेऊन जा, नुसतं सेल्फीला नको. अष्टकोनी विहीर, वर बारा मोटा चालायच्या, ११० फूट खोल, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधलेली, शिलालेखात शक दिलेत. शकात ७८ मिळवून सन काढायचं काम पोरांना द्या.

लांब जमत नसेल तर गावातली विहीर. दोरीला दर फुटावर गाठ मारायची, टोकाला दगड, पाणी किती खाली आहे ते मोजायचं. दोरी मोठ्या माणसानंच सोडायची, पोरं कठड्यापासून चार पावलं लांब, गाठी मोजायचं काम त्यांचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा पण निरीक्षण विहिरी अशाच वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. एप्रिलला एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा असं तुम्ही मोजलं तर गावाच्या पाण्याचा ताळेबंद निम्मा झाला. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडूनच पिकं ठरवतात, त्या हिशोबात विहिरींतलं पाणी पण येतं.


खडूफळा | २६ एप्रिल

आले परत. पेपर संपले. काय काय झालं ते सांगते, थोडं लांबेल.

पहिला दिवस फसला. साडेनऊला काठीची सावली काठीएवढी झाली, ओरड पण झाली (आजोबा म्हणाले तशीच), एकमेकांच्या सावल्या मोजून झाल्या. मग झेंड्याचा खांब. खांबाचा पाइप २० फुटाचा आहे हे मला पक्कं माहीत, कारण बसवला तेव्हा बिल मीच लावलं होतं. पोरांचं उत्तर आलं साडेअठरा फूट. परत मोजलं, साडेअठरा. दुसऱ्या दिवशी, साडेअठरा. मी म्हटलं टेप खराब असेल.

सातवीत एक पोरगा आहे, वर्षभरात माझ्याशी वीस वाक्यं बोलला असेल. तो म्हणाला, "बाई, पावसात पाणी खांबाकडं येतं." मला कळेना ह्याचं काय. मग परत म्हणाला, भिंतीपासून खांबाकडं येतं, म्हणजे तिकडं चढ आहे, सावली चढावर पडतीय. त्याचे वडील गवंडी. दुसऱ्या दिवशी सकाळी घरून ओळंबा आणि ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आला, गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती. दोन पोरांनी दोन टोकं धरली, पाणी स्थिर व्हायची वाट बघितली, खांबाच्या बुडापासून सावलीच्या टोकापर्यंत जमीन किती चढली ते काढलं. दीड फूट! तोच हरवलेला दीड फूट. मी आणि हेडसर दोघंही तिथं उभे होतो आणि हेडसर म्हणाले, हे ग्राउंड सपाट करून घेतल्याचं बिल मी पास केलंय. 😐

चिंच मग ह्या हिशोबानं दुरुस्त करून ३८ फूट भरली. टाकीचा वाद चालू आहे.

दुपारचं असं केलं की ज्यांची घरं गावातच आहेत त्यांनी साडेबाराला घरी मोजायचं. काठ्या कोणाकडं सरळ नव्हत्या. एका पोरीनं आजीचं मुसळ उभं केलं, आजीनं धरलं, आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर कोळशानं खुणा. पट्टी पेपराच्या पिशवीत अडकलेली म्हणून तिनं बोटांनी मोजलं: २० तारखेला सहा बोटं, २४ ला पाचाला जरा कमी. आजी म्हणे तिला सांगत होती की आमच्यावेळी घड्याळ नव्हतं, उंबऱ्याच्या सावलीवरच भाकरी टाकायचो.

कावळ्याची घरटी अकरा सापडली, त्यातली दोन मोबाईल टॉवरवर. रानवाटा, टॉवरवर केलं तर पाऊस कसा पडतो?

पेपर तासाला सहा झाले. आठ नाही झाले.


रानवाटा | २६ एप्रिल

टॉवरवर केलं तर पाऊस रेंजप्रमाणे. येतो-जातो.


वैतागलेला_गुरुजी | २७ एप्रिल

ते पाण्याच्या नळीचं मी उद्या करतो. आमचं ग्राउंड पण "सपाट" आहे.


खडूफळा | १७ मे

धागा वर काढतेय, माफ करा. सुट्टीत पोरं मामाच्या गावाला पांगली, म्हणून ग्रुपवर टाकलं होतं की जिथं असाल तिथं साडेबाराच्या सुमारास बाटली नाहीतर डबा उन्हात ठेवा आणि कुठल्या दिवशी सावली गायब होते ते कळवा. वाटलं होतं तीन-चार जण करतील. सोळा जणांनी केलं, काहींच्या मामांनीच जास्त केलं असं दिसतंय.

पहिला निरोप कोल्हापूरहून, ६-७ मेला. आमच्या गावात १० ला ढग आले आणि वळीव झाला, ११ ला गेली, म्हणजे जवळजवळ गेली. हडपसरचा पोरगा ११ ला रुसून बसला की बाई माझी नाही गेली, तुम्ही खोटं सांगितलं. त्याची १४ ला गेली. कल्याणवाली आत्याकडं आहे, तिची काल, १६ ला. मी नकाशावर तारखा टाकल्या तर सावली दक्षिणेकडून उत्तरेला चालत गेलीय असं दिसतं, मला स्वतःला अंगावर काटा आला.

पण अडचण सोलापूरची. तिथं एक जण आहे, त्याची पण ११ लाच गेली, आमच्यासारखीच, पण तो म्हणतो १२ वाजून २३ मिनिटांनी गेली. गावातल्या पोरांची साडेबाराला. त्यानं आवाजी निरोप पाठवलाय, मामाचं घड्याळ पुढं आहे का बघतो, मोबाईलला पण लावून बघितलं, तेच येतंय. आजोबा काय सांगू त्याला?


भूगोलवाले_आजोबा | १७ मे

घड्याळ बरोबर आहे त्याचं. सोलापूर आणि सातारा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत म्हणून तारीख तीच, पण सोलापूर जवळपास दोन अंश पूर्वेला, आणि एका अंशाला चार मिनिटं. त्याला इतकंच विचारा की सूर्य सकाळी आधी सोलापुरात उगवतो का साताऱ्यात, पुढचं तो काढेल.

आणि कोल्हापूरवाल्याला ६ की ७ ते एकदा नक्की विचारून घ्या. मीटरभर काठीची सावली एका दिवसात अर्धा सेंटिमीटरच सरकते, डब्यावर कळलं नसेल. त्यानं दोन्ही दिवशी मोजलं असेल तर दोन्ही आकडे हवेत.